नावाचे मोल कोणाचे?

व्यापारात मालाइतकेच, कित्येकदा मालाहूनही अधिक, नाव विकले जाते. पिशवीवरचे चिन्ह ओळखीचे असले की गृहिणी आतला माल न तपासता पैसे मोजते. हा विश्वास हेच व्यवसायाचे मोठे भांडवल होय. मग ज्यांच्या हातांनी तो विश्वास घडविला, त्यांचा त्या नावावर काही हक्क आहे की नाही?

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. श्रीरामपूर परिसरात वाढलेल्या ‘प्रभात डेअरी’चा दुग्धव्यवसाय २०१९ साली फ्रान्सच्या लॅक्टालिस समूहाने आपल्या भारतीय कंपनीमार्फत सुमारे १७०० कोटी रुपयांना विकत घेतला. अशा सौद्यांत केवळ यंत्रे व इमारती विकल्या जात नाहीत. पहाटे उठून धार काढणाऱ्या व वेळेवर दूध घालणाऱ्या शेकडो घरांची सचोटीही त्या नावात मुरलेली असते. असे व्यवहार कायद्याला धरूनच होतात. परंतु कायदा संपतो तेथे नीती संपत नाही.

कॉफीच्या व्यापारात हाच प्रश्न एका धर्मगुरूने हाती घेतला. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात लहान कॉफी-उत्पादकांमध्ये राहणारे डच फादर फ्रान्स व्हान डेर होफ यांनी निको रोझेन यांच्यासह १९८८ साली नेदरलँड्समध्ये ‘माक्स हावेलार’ हे चिन्ह सुरू केले. जावा बेटावरील वसाहती जुलूम उघड करणाऱ्या १८६० च्या डच कादंबरीवरून ते नाव घेतले होते. बाजारभाव कोसळला तरी उत्पादकाला ठरलेल्या किमान दराहून कमी मिळणार नाही, अशी हमी त्या चिन्हामागे होती. येथे नाव हेच वचन झाले.

तरीही एक उणीव उरते. ‘स्पेशालिटी’ म्हणविल्या जाणाऱ्या उंची कॉफीला चवीच्या परीक्षेत १०० पैकी किमान ८० गुण लागतात. पाकिटावर मळ्याचे नाव, त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाची जात हे सारे छापलेले असते. परंतु पिकलेले फळ तेवढेच निवडून तोडणाऱ्या मजुराच्या बोटांवाचून ती चव येत नाही, आणि त्याचा उल्लेख सहसा कोठे नसतो. आपल्याकडेही दुधाचे पैसे गाईच्या मालकाला मिळतात. तिच्यासाठी गवत कापणारी भूमिहीन स्त्री त्या हिशेबात नसते. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांना हे निराळे सांगावयास नको.

धंदा वाढलाच नाही तर वाटावयाचे काय, असे कोणी विचारील. हा आक्षेप रास्त आहे. ‘सेन्तेसिमुस आन्नुस’ या १९९१ च्या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी नफ्याचे योग्य स्थान मान्यच केले आहे. मात्र हिशेबाच्या वह्या चोख असूनही माणसांचा अवमान होत असू शकतो, असेही त्यांनी बजावले आहे.

आज आपल्यापैकी कोणी दूध संकलन केंद्र चालवितात, कोणी बचत गटातून मसाले व पापड विकतात. पिशवीवर नाव छापण्यापूर्वी मजुरीचा दर, आजारपणातील आधार आणि वाढत्या नफ्यातील कामकऱ्यांचा वाटा त्यांनी वहीत लिहून ठेवावा. अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी आक्रोश करते, ही संत याकोबाची ताकीद केवळ धनाढ्यांपुरती आहे, असे आपण समजू नये.