डावी बाजू

रविवारी सकाळी बस्तीत दर्शन घेऊन आले, की मी कॅमेरा गळ्यात अडकवते आणि गावाबाहेरच्या कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये जाते. पहिल्या रविवारी सासूबाई म्हणाल्या, "अगं, बस्तीतून आलीस ती थेट कुत्र्यांत?" मी म्हटलं, "आई, जीवंधरकुमारानं मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार सांगितला, ते कुत्रं यक्ष झालं. ही गोष्ट तुम्हीच मुलांना सांगता ना?" त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या रविवारी दाराशी एक जुनी चादर घडी घालून ठेवलेली दिसली. मला जमिनीवर बसावं लागतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

बसावंच लागतं. उभं राहून वरून फोटो काढला की कुत्रं लाचार दिसतं. त्याच्या डोळ्यांच्या रेषेत कॅमेरा आणला, की तेच कुत्रं आपल्याकडे बघणारा कुणीतरी होतं. फ्लॅश वापरायचा नाही, बिचारी दचकतात आणि डोळे हिरवे चमकतात. मागे जाळी दिसू द्यायची नाही. काळ्या कुत्र्याचा फोटो भर उन्हात काढला तर तोंडाचा नुसता काळा डाग होतो, म्हणून त्याला सकाळी सावलीच्या कडेला बसवायचं. डोळे दिसले तर माणूस फोटोवर थांबतो, आणि थांबला तरच फोन करतो.

राजा असाच काळा. गाडीखाली सापडून त्याचा डावा मागचा पाय वाकडा झालेला. मी त्याला उजव्या बाजूनं, बसलेला घेतला. पाय आपोआप झाकला गेला. 'आपोआप' म्हणते खरी, पण मी चादर कुठे अंथरली ते मला ठाऊक आहे. खाली लिहिलं, 'शांत, प्रेमळ, मुलांत रमणारा.' एक शब्दही खोटा नव्हता. फोटो पुष्कळ फिरला. एक कुटुंब सकाळी लवकर आलं, घाईत होतं, त्याला गाडीत बसवून घेऊन गेलं.

चौथ्या दिवशी तो परत आला. शेल्टरमधला मुलगा मला म्हणाला, "अक्का, फोटो बघून नेले, कुत्रं बघून आणून सोडले बघा." त्यानंतर दोन दिवस राजानं ताटलीला तोंड लावलं नाही.

मी खोटं बोलले होते का? लहानपणी पाठशाळेत आपण सगळ्यांनीच अणुव्रतांचे अतिचार पाठ केलेत. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत एक कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख तयार करणं. तेव्हा वाटायचं, हे सावकारांसाठी असणार, खोट्या खतांसाठी. फोटोही लेखच असतो, हे राजानं शिकवलं.

पण मन लगेच वकिली करतं. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात असंही सांगितलंय, की ज्यानं दुसऱ्यावर संकट येईल असं सत्यही श्रावकानं बोलू नये. मग वाकडा पाय आधी दाखवणं हे राजावर संकट आणणारं सत्य नाही का? आणि अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत पहिलाच 'बंध', जिवाला बांधून, कोंडून ठेवणं. त्याला जाळीतून सोडवायला एक पाय झाकला, तर काय बिघडलं?

या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्या ग्रंथात नाही, माहेरच्या ट्रंकेत मिळालं. तिथे माझा स्थळांना पाठवायला काढलेला फोटो आहे. माझा डावा डोळा किंचित तिरळा. स्टुडिओतल्या काकांनी हनुवटी धरून चेहरा वळवला, "असंच राहा बाळ, हलू नकोस." मी सुंदर दिसत होते. पहिलं स्थळ फोटो बघून आलं, पोहे खाल्ले, आणि त्यातल्या बाई आईला हळूच म्हणाल्या, "फोटोत हे दिसलं नव्हतं." आईनं लबाडी केली नव्हती, मायाच केली होती. पण त्या दिवशी मला डोळ्याची लाज वाटली नाही, त्या फोटोची वाटली. मी जशी होते तशी घरच्यांनाच पुरेशी वाटले नव्हते, असं तो फोटो सांगत होता.

मुलगी 'खपवायची' असा शब्द आपल्याकडे बायकाच वापरतात. मीही राजाला खपवत होते. संकट त्याच्या पायाच्या सत्यानं आणलं नाही, मी ते झाकलं म्हणून आलं. आचार्यांनी अडवलंय ते दुसऱ्याचा घात करणारं बोलणं. आपलं काम लवकर उरकावं म्हणून गप्प बसायची मुभा त्यात कुठे आहे?

आता मी दोन फोटो काढते. एक डोळ्यांचा, मन लावून, चांगल्या प्रकाशात. दुसरा, जे असेल त्याचा: पायाचा, पांढऱ्या बुबुळाचा, केस गेलेल्या पाठीचा. तोही तितक्याच मायेनं, जमिनीवर बसूनच. खाली लिहिते, 'जिना चढत नाही. पावसात पाय दुखतो. हाक मारली की येतो, जरा उशिरा येतो.'

फोन कमी येतात, हे कबूल करायला हवं. तो मुलगा परवा म्हणाला, "अक्का, तुमच्या खऱ्यानं पिंजरे भरून राहिलेत की." त्याचंही चुकत नाही. कोंडलेल्या जिवाचा एकेक दिवस माझ्या खऱ्यापणाच्या हिशेबात धरावा लागणार, तो मी टाळत नाही. म्हणून आता रविवारी फोटो झाल्यावर एकेकाला तासभर बाहेर फिरवून आणते.

काल सासूबाईंनी विचारलं, "गेला का गं तो लंगडा?"

"नाही आई, अजून आहे."

"बरं," त्या म्हणाल्या, "चादर धुऊन ठेवलीय."