निबंधवाचनाचा दाखला

झाक लाकाँच्या 'दर्पणावस्था' या संकल्पनेचा निर्देश करताना अनेक अभ्यासक १९३६ हे साल घालतात. त्या वर्षी मारियनबाद येथील आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण परिषदेत लाकाँने या विषयावरील निबंध वाचावयास घेतला. दहा मिनिटे होताच अध्यक्ष अर्नेस्ट जोन्स यांनी त्याला थांबविले. परिषदेच्या इतिवृत्तासाठी त्याने तो दिलाच नाही. 'एक्री' (१९६६) या संग्रहात जो पाठ वाचावयास मिळतो, तो १९४९ साली झुरिक येथे सादर झालेला आहे. म्हणजे १९३६ असे लिहिणारा अभ्यासक ज्या लेखनाकडे बोट दाखवितो, ते छापलेच गेले नाही. हा दाखला खोटा म्हणावा काय?

खोटा म्हणवत नाही. कल्पना केव्हा मांडली गेली, एवढे तो सांगतो. मधल्या तेरा वर्षांत तिच्यात काय पालटले, याविषयी मात्र तो मुका आहे. संदर्भ देताना वस्तुतः दोन कृत्ये घडत असतात: ऋण मान्य करणे आणि प्रमाण पुढे ठेवणे. छापील ग्रंथाबाबत ती एकाच ओळीत उरकतात, म्हणून त्यांतील भेद जाणवत नाही. परिसंवादात केवळ ऐकलेल्या निबंधापाशी ती फुटून वेगळी होतात. ऋण खरे असते. प्रमाण श्रोत्याच्या टिपणवहीपलीकडे नसते. नैयायिकांनी शब्दप्रमाणासाठी वक्ता आप्त असावा असे म्हटले. येथे वाचकाला विश्वास ठेवावा लागतो तो वक्त्यावर नव्हे, तर त्याचा हवाला देणाऱ्यावर. आणि त्याला तर ते वाक्य स्वतःच्या युक्तिवादासाठी हवेच असते!

अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या संदर्भपद्धतीत खासगी पत्रे व संभाषणे सूचीबाहेर राहतात, कारण वाचकाला ती मिळविता येत नाहीत. परिषदेतील निबंधवाचनाला मात्र, लिखित प्रत उपलब्ध नसली तरी, सूचीत स्थान आहे. निकष येथे नकळत बदलला आहे: उपलब्धतेची जागा जाहीरपणाने घेतली आहे. तो बदल समर्थनीयच ठरतो. उपलब्धतेचाच आग्रह धरला, तर ज्याचे काही छापून आलेले नाही अशा नवख्या संशोधकाचा विचार चर्चासत्रात ऐकून बिनदिक्कत वापरता येईल, आणि 'छापील आधार नव्हता' ही सबब तयारच असेल. ज्येष्ठाचे भाषणातले वाक्य आधारवचन म्हणून मिरवावे आणि कनिष्ठाचे हवेत विरले असे समजावे, ही विषमता निव्वळ तांत्रिक नाही.

वक्त्याचाही एक हक्क असतो. निबंधवाचन हा पुष्कळदा चाचपडता विचार असतो. त्यातले विधान त्याने पुढे सोडून दिले असेल, तर त्यालाच जखडून ठेवणे अन्यायाचे. म्हणून ऋण विनाअट नोंदवावे. युक्तिवादाचा भार मात्र अशा दाखल्यावर टाकण्यापूर्वी वक्त्याला विचारावे, किंवा नंतरचा छापील पाठ पाहावा.

दोन्ही अशक्य असतील तेथे साक्षीदाराचे नाव तरी लपवू नये. मारियनबादपूर्वी, जून १९३६ मध्ये, लाकाँने पॅरिसच्या मनोविश्लेषण मंडळापुढे हाच विषय मांडला होता. त्या प्रसंगाची टिपणे उरली आहेत, ती पुढे फ्रांस्वाझ दोल्तो या नावाने प्रसिद्ध झालेल्या श्रोतीची. त्यांवरून लाकाँचे मत सांगणाऱ्याने दोल्तोचे नाव आधी लिहावयास हवे.