गुणांकन आणि आदर

बुद्धिबळाच्या स्पर्धेत दोन असमान खेळाडू समोरासमोर बसतात, तेव्हा पहिली खेळी होण्यापूर्वीच एक निकाल कागदावर लिहिलेला असतो. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक अर्पाड एलो यांनी बसविलेली गुणांकनाची पद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० साली स्वीकारली. तिच्या गणिताप्रमाणे २०० गुणांनी वरचढ असलेल्या खेळाडूकडून १०० डावांत सुमारे ७६ गुणांची अपेक्षा असते. मग दुबळ्या खेळाडूने त्या आकड्यापुढे नम्र व्हावे काय?

हा प्रश्न मला केवळ खेळातला वाटत नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे आयुष्य ज्येष्ठतेच्या यादीतच सरते. काही वर्षांपूर्वी परप्रांतातील एका सरकारी वसाहतीच्या क्लबात मी माझ्या वरिष्ठांशी खेळत होतो. डाव माझ्या हातात आला होता. तरी मी बरोबरी सुचविली आणि मनाशी तिला आदर असे नाव दिले. साहेबांनी बराच वेळ पटाकडे पाहिले आणि ते म्हणाले, "तुम्ही मला हरू दिले नाही, म्हणजे माझ्याशी खेळलाच नाहीत."

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा हे शब्द मला पुन्हा आठवले. कोनेरू हंपी २००२ सालीच ग्रँडमास्टर झालेल्या. नागपूरच्या दिव्या देशमुखचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. गुणांकनातही हंपीच वरचढ होत्या. दोन्ही प्रदीर्घ डाव बरोबरीत सुटले. पुढे जलद डावांत दिव्याने सामना जिंकला. तिने ज्येष्ठ खेळाडूचा अनादर केला, असे कोण म्हणेल?

गुणांकन खोटे नसते. तो मागील श्रमांचा प्रामाणिक हिशेब असतो, आणि एका विजयाने तो पुसलाही जात नाही. परंतु तो अनेक डावांविषयी बोलतो. समोरच्या एका डावाविषयी मौन पाळतो. तेथे उत्तर द्यावयाचे असते ते पटावरील स्थितीला. ज्याने एवढे श्रम केले, त्याच्यासमोर आपले सारे बळ लावणे, हाच त्या श्रमांचा मान होय.

कचेरीत वरिष्ठांच्या मताविरुद्ध टिपणी लिहिताना आपली लेखणी अडखळते. तो संकोच विनयाचा की भयाचा, हे ज्याचे त्याने ओळखावे. त्या दिवशी पटावर माझ्या मनात होते, ते भयच होते.