गाळलेलें आणि राखलेलें

घरच्या लग्नाच्या व्हिडिओचें संकलन पुरें झालें, कीं शेवटीं ‘एक्स्पोर्ट’चें काम उरतें, म्हणजे साऱ्या तुकड्यांची एक अखंड फाइल करावयाची. २००३ सालीं प्रमाण ठरलेल्या एच. २६४ पद्धतींत यंत्र प्रत्येक फ्रेम पूर्ण ठेवीत नाहीं. बहुतेकींत जें बदललें तेवढेंच नोंदतें. रंगाचा तपशीलही बहुधा एक-चतुर्थांशच राखतें. कारण मनुष्याचा डोळा उजेडाइतक्या बारकाईनें रंग टिपीत नाहीं. हा त्याग आम्हांस निर्दोष वाटतो.

परंतु त्याआधीं आपण जें गाळतों त्याचें काय? आजीचा अडखळलेला आशीर्वाद, कोपऱ्यांत एकटी बसलेली आत्या, हीं दिसत नाहींत म्हणून नव्हे, तर दिसूं नयेत म्हणून वगळलीं जातात. कोणी म्हणेल, निवडीवांचून कथा होत नाहीं. खरें आहे. संकलनांत कितीही कापलें तरी मूळ चित्रण अबाधितच राहतें. पण तयार फाइल हातीं आली, कीं जागा अडते म्हणून आपण तें मूळ पुसून टाकतों. आणि केवळ आवडीनें केलेली निवड त्या क्षणीं कायमचा निवाडा होऊन बसते.

क्षुल्लक काय, हें ठरविण्याचा अधिकार पुढच्या पिढीसही आहे. म्हणून आम्ही म्हणतों, सुबक प्रत पाहुण्यांस खुशाल द्यावी; मूळ मात्र राखावें.