झुकते माप

बेकरीत दोन गिऱ्हाइके एकाच वेळी येतात. दोघेही अर्धा किलो बिस्किटे मागतात आणि दोघेही तेवढेच पैसे मोजतात. एकाला मालक काचेच्या कपाटातील बिस्किटे तोलून देतो. दुसऱ्याला मात्र 'जरा ठैरो साब, गरम आ रइ' असे म्हणून थांबवितो, भट्टीवरून नुकत्याच आलेल्या ट्रेमधील बिस्किटे देतो आणि काटा स्थिर झाल्यावर आणखी दोन वर टाकतो. दुसरा जुना ओळखीचा आहे आणि पहिला नवखा, एवढाच काय तो भेद. ह्या व्यवहारात अन्याय झाला काय? झाला असल्यास तो कोणी केला, आणि कोणावर? प्रश्न दोन बिस्किटांचा दिसला तरी क्षुल्लक नाही, असे आम्हांस वाटते. न्याय आणि स्नेह ही दोन्ही मूल्ये आपण वंद्य मानतो. त्यांची गाठ जेथे रोज पडते, अशा मोजक्या जागांपैकी दुकानाचा गल्ला ही एक होय.

हैदराबादकरांना बेकरीचे महत्त्व सांगावयास नको. इराणी चहाबरोबर गोडसर, किंचित खारट उस्मानिया बिस्किट खाणे हा ह्या शहराचा तिसऱ्या प्रहराचा नित्यक्रम आहे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांच्या नावाशी जोडलेले हे बिस्किट त्यांच्या राजवटीनंतरही टिकले आणि आज ते सर्व धर्मांच्या, सर्व भाषांच्या घरांत जाते. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी ह्या भागांतील आपल्या जुन्या कुटुंबांचा मात्र बेकरीशी संबंध सरळ जडला नाही. बेकरीचा पाव स्वयंपाकघरात येऊ न देणाऱ्या आज्या पुष्कळांनी पाहिल्या असतील. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधील चहाबिस्किटांवरून केवढे ग्रामण्य उठले आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नास कसे तोंड द्यावे लागले, हे सर्वश्रुत आहे. अनोळखी हाताने केलेले अन्न विश्वासाने घेणे ही आपल्या समाजाच्या दृष्टीने एक नैतिक वाटचालच होती. म्हणून बेकरीवाला 'आपला' होणे ह्याला आपल्या घरांत थोडा अधिक अर्थ आहे.

परिचितांच्या बैठकीत ह्या विषयावर बोलणे निघाले की प्रत्येकाजवळ एखादा अनुभव असतोच. कोणाच्या आजारी वडिलांसाठी मालकाने मऊ पाव रोज आठवणीने बाजूला ठेवला. कोणास परगावी जाताना बांधून दिलेल्या डब्यात न मागितलेल्या चार नानखटाया सापडल्या. उलट, नोकरीनिमित्त नव्याने आलेल्या एका तरुणाला त्याच दुकानात आदल्या दिवशीचा पाव 'ताजा' म्हणून मिळाला. तिन्ही अनुभव ओळखीविषयीच आहेत. पहिले दोन ओळख असल्याचे, तिसरा ओळख नसल्याचा. मग पहिल्या दोहोंचे कौतुक करणाऱ्याने तिसऱ्याचे काय करावे?

पाश्चात्त्य विचारवंतांनी दुकानदाराचा विचार केलेला आहे. ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथात खाटीक, मद्य करणारा आणि पाव भाजणारा ह्यांचे उदाहरण घेतले. आपले जेवण आपल्याला मिळते ते त्यांच्या परोपकारबुद्धीमुळे नव्हे, तर ते आपापले हित पाहतात म्हणून, असे त्याचे म्हणणे. कांटने नऊ वर्षांनी, १७८५ साली, नीतिशास्त्राचा पाया शोधताना दुकानदारच पुढे ठेवला. शहाणा दुकानदार अजाण गिऱ्हाइकास फसवीत नाही. एकच भाव ठेवतो, त्यामुळे लहान मूलही मोठ्या माणसाइतक्याच बिनधोकपणे त्याच्याकडे खरेदी करू शकते. पण तेवढ्यावरून तो नीतिमान ठरत नाही, असे कांट म्हणतो, कारण त्याच्या प्रामाणिकपणामागे धंद्याचे हित असू शकते. सर्वच गिऱ्हाइकांवर त्याचे प्रेम आहे आणि म्हणून तो कोणास झुकते माप देत नाही, असे मानण्यास तर काही आधारच नाही.

ह्या दोघांनी पाहिलेला दुकानदार आणि आपला बेकरीवाला ह्यांत एक अंतर आहे. त्यांच्या दुकानदारापाशी हित आहे आणि कदाचित कर्तव्य आहे. आपल्या बेकरीवाल्यापाशी ह्या दोहोंखेरीज जिव्हाळाही आहे. आणि अडचण उत्पन्न होते ती नेमकी ह्या जिव्हाळ्यामुळे. निव्वळ हित पाहणाऱ्यास दोन्ही गिऱ्हाइकांचे रुपये सारखेच. माणसे मात्र जिव्हाळ्याला सारखी दिसत नाहीत.

वर टाकलेली दोन बिस्किटे ही आपल्या परंपरेस नवी नाहीत. तेलुगू भाषकांत अशा वरकड देण्याला 'कोसरु' म्हणतात, आणि मूळ जिनसेपेक्षा कोसरुच गोड लागतो, अशी त्यांची म्हणच आहे. कौटिल्याने तर ह्या देण्याला शास्त्रात स्थान दिले. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात पौतवाध्यक्ष, म्हणजे वजनमापांचा अधिकारी, ह्याची कर्तव्ये सांगताना तुपाच्या विक्रीत बत्तिसावा आणि तेलाच्या विक्रीत चौसष्टावा भाग 'तप्तव्याजी' म्हणून गिऱ्हाइकास अधिक द्यावा, तसेच द्रव पदार्थ मापाला चिकटून राहतात म्हणून पन्नासावा भाग 'मानस्राव' म्हणून द्यावा, असे त्याने लिहिले आहे. इंग्लंडातही १२६६ च्या सुमारास पावाचे वजन व भाव ठरविणारा कायदा झाला. वजन कमी भरल्यास शिक्षा होईल ह्या धास्तीने पाववाले डझनामागे तेरावा पाव देत, अशी तेथील 'पाववाल्याच्या डझना'ची रूढ उपपत्ती आहे.

ह्या दोन उदाहरणांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कौटिल्याचा बत्तिसावा भाग काय किंवा तो तेरावा पाव काय, प्रत्येक गिऱ्हाइकास मिळावयाचा होता. ते झुकते माप स्नेहाचे नव्हते. मापात राहून जाणारी तूट भरून काढण्याचे साधन होते. तो हक्क होता. आपला बेकरीवाला जी दोन बिस्किटे वर टाकतो, ती मात्र हक्काची नसून देणगीची आहेत. हक्क आणि देणगी ह्यांतील ही रेषा स्पष्ट झाली की आमच्या मूळ प्रश्नाचे पुष्कळसे धुके निवळते.

वजन, भाव आणि मालाची शुद्धता ह्या तीन गोष्टी गल्ल्यासमोर उभ्या राहणाऱ्या कोणाच्याही हक्काच्या आहेत. तेथे चेहरा पाहण्याचे कारण नाही. मिठाई किंवा बिस्किटे खोक्यासह तोलू नयेत, हा नियम सर्वांना ठाऊक आहे. तरीही पुठ्ठ्याचे खोके बिस्किटांच्या भावाने विकले जातेच. जुन्या गिऱ्हाइकासाठी खोके बाजूला काढून तोलावयाचे आणि नवख्यासाठी खोक्यासह, असे जेथे होते तेथे जुन्याला काही जास्त मिळत नाही. नव्याचे काढून घेतले जाते. आदल्या दिवशीचा पाव नवख्यास 'ताजा' म्हणून खपविण्याचेही तसेच. ओळखीच्याला दिलेल्या ताज्या पावाचे मोल येथे अनोळखी माणसाने चुकविलेले असते. देणगी देणाऱ्याच्या पदरची असली पाहिजे; दुसऱ्याच्या पदरची असल्यास तिला स्नेहाचे नाव देता येत नाही.

आमच्या सेवाकाळाचा बराच भाग नागरी पुरवठ्याच्या कामात गेला. आंध्र प्रदेशात १९८३ साली एन. टी. रामाराव ह्यांच्या शासनाने दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्याची योजना आणली. त्यानंतर लवकरच आम्ही नोकरीस लागलो. शिधावाटप दुकानाच्या तपासणीत आम्ही एकच गोष्ट पाहत असू, ती म्हणजे पत्रिकेवर जेवढे लिहिले आहे तेवढे प्रत्येकास मिळते की नाही. तेथील दुकानदाराने ओळखीच्या पत्रिकाधारकास मूठभर तांदूळ वर घातला, तर आम्ही तो गुन्हाच मानत असू, आणि ते योग्यच होते. तो तांदूळ त्याचा नव्हता. सार्वजनिक मालाच्या विश्वस्ताला उदार होण्याचा अधिकार नसतो. बेकरीवाल्याचा मैदा, तूप आणि पहाटेचे श्रम मात्र त्याचे स्वतःचे आहेत. सरकारी गादीवर बसणाऱ्याचा नि:पक्षपातीपणा त्याच्याकडून मागणे हे, आमच्या मते, नीतीचे अजीर्ण होय. सर्व माणसांशी सारखेच कोरडे वागणे म्हणजे न्याय नव्हे.

एवढ्याने प्रश्न संपला असता. पण माल अपुरा असताना तो पुन्हा डोके वर काढतो. मोहरमच्या दिवसांत हैदराबादेत 'दम के रोट' मिळतात. रवा, तूप, साखर आणि सुकामेवा ह्यांचे हे जाड, खमंग रोट घेण्यास नामांकित बेकऱ्यांपुढे रांगा लागतात, आणि त्या रांगांत सर्व धर्मांची माणसे असतात. अशा वेळी मागच्या दाराने चार रोट ओळखीच्या घरी गेले, तर रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्यास 'खतम' हे उत्तर ऐकावे लागते. वर टाकलेल्या बिस्किटाने कोणाचे उणे होत नाही. बाजूला ठेवलेल्या रोटाने होते. आधी सांगून ठेवणाऱ्यास राखून देण्याची सोय सर्वांना खुली असेल, तर आक्षेपास जागा नाही. तो नियम झाला. रांग लागल्यावर केलेली सोय मात्र रांगेतील प्रत्येकाच्या वेळेची आणि विश्वासाची चोरी आहे. अशा वेळी जबाबदारी एकट्या दुकानदाराची नाही. 'तुमच्यासाठी ठेवले आहेत' ह्या शब्दांनी सुखावणाऱ्या गिऱ्हाइकानेही एकदा रांगेकडे पाहावे.

गिऱ्हाइकाच्या कर्तव्यांविषयी आपण एरवी बोलतच नाही. ग्राहक संरक्षणाचा १९८६ चा कायदा आला, त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. दोहोंनी हक्क दिले आणि ते आवश्यकच होते. पण पाव दाबून, तो कापसासारखा फुगलेला व पांढराशुभ्र नसल्यास परत ठेवणारे गिऱ्हाईक दुकानदाराला काय शिकविते, ह्याचाही विचार व्हावा. दिल्लीच्या एका संस्थेने २०१६ साली पावाचे ३८ नमुने तपासले, तेव्हा त्यांतील ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट वा आयोडेट आढळले आणि त्याच वर्षी ब्रोमेटवर देशात बंदी आली. पाव फुगावा आणि मऊ राहावा म्हणून ही द्रव्ये वापरली जात. घालणाऱ्याचा दोष आहेच. पण मऊपणाचा हट्ट कोणाचा होता?

गिऱ्हाइकाच्या पक्षपाताचे दुसरे रूप अधिक गंभीर आहे. ह्या शहरातील एका सुप्रसिद्ध बेकरीच्या नावात 'कराची' आहे. फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या खानचंद रामनानी ह्यांनी १९५३ साली ती येथे काढली आणि सुटलेल्या गावाचे नाव दिले. ह्या नावावरून २०१९ साली बंगळूरच्या शाखेत ते फलकावर झाकून ठेवण्याची वेळ आली, आणि मे २०२५ मध्ये हैदराबादजवळ शमशाबादच्या शाखेत फलकाची मोडतोड झाली. देशावर हल्ला झाल्याचा संताप आम्ही समजू शकतो. तथापि आपण नांदेडकर, परभणीकर, बीडकर मंडळी आडनावांतून काय वागवितो? सुटलेले गावच ना? मराठवाडा ह्या संस्थानाचा भाग असताना आपले पूर्वज येथे नोकरी, वकिली, शिक्षण ह्यांसाठी आले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण येथेच राहिलो. गाव सोडून आलेल्याने गावाचे नाव जपणे ह्याचा अर्थ आपल्याइतका कोणास कळावा? फलक वाचून बिस्किटाचा निवाडा करणारे गिऱ्हाईक चेहरा पाहून तोलणाऱ्या दुकानदाराहून वेगळे नाही. दोघेही माल बाजूला सारून माणसाची जात पाहतात.

येथे ओळखीचा खरा कस लागतो. ओळख ही जर जन्माने, धर्माने किंवा भाषेने मिळणारी वस्तू असेल, तर तिच्या पोटी दिलेले प्रत्येक झुकते माप हा अन्याय आहे, मग ते दोन बिस्किटांचे का असेना. ती रोजच्या येण्याजाण्याने, उधारी वेळेवर फेडण्याने, दोन शब्द आपुलकीने बोलण्याने कोणासही मिळू शकत असेल, तर तीत अन्याय नाही. आज नवखा असलेला तरुण सहा महिन्यांनी 'गरम आ रइ' ऐकण्याच्या मार्गावर असला पाहिजे. त्याचा मार्ग मोकळा आहे किंवा नाही, ह्यावरून त्या दुकानाची आणि काही अंशी त्या शहराची नीती ठरते.

आमचे मत थोडक्यात असे. काट्यापुढे सर्व सारखे असावेत. काटा स्थिर झाल्यानंतर दुकानदाराने आपल्या पदरचे काय घालावे, हा त्याच्या मनाचा प्रश्न आहे, आणि तेथे आपण कायद्याचे पुस्तक उघडू नये. आपल्या घरांना हे शहर एकेकाळी अनोळखी होते. येथील भाषा आपली नव्हती, अन्न आपले नव्हते. ज्यांनी त्या काळी आपल्या वाडवडिलांना नवखे म्हणून शिळे दिले नाही, त्यांचे देणे त्यांना परत करता येत नाही. ते पुढच्या नवख्यालाच द्यावे लागते. बेकरीत आपल्या मागे एखादा नवा माणूस गोंधळून उभा असेल, तर कोणते बिस्किट चांगले, हे त्याला सांगण्यास आणि मालकाशी त्याचा परिचय करून देण्यास काहीच मोल पडत नाही.