न दिसणाऱ्या दुखण्याचा पुरावा

पेठ तालुक्यात पाऊस लागला की भाताची आवणी सुरू होते. दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईचं अंग दुखलं तर कुणाला नवल वाटत नाही. पण आवणी सरते आणि अंग मात्र महिनोन् महिने ठणकत राहतं, रात्र झोपून काढली तरी सकाळी उठवत नाही. रक्त तपासलं तर ठीक, एक्स-रे स्वच्छ. मग कुणी बाहेरचं म्हणतं, कुणी मागल्या जन्मीचा भोग, कुणी सरळ सोंग.

असं दुखणं फायब्रोमायाल्जियाचं असू शकतं. त्यात सांधे झिजत नाहीत. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून घेतात, असं आजचं वैद्यक मानतं. निदानाच्या 1990 च्या निकषांत अंगावरच्या 18 जागा दाबून किमान 11 दुखाव्या लागत. 2010 च्या निकषांनी ते दाबणं सोडलं आणि दुखणं कुठवर पसरलंय, झोप कशी, थकवा किती, हे रुग्णालाच विचारायला सांगितलं.

खरं ज्ञान कशातून मिळतं याचा विचार करणाऱ्या न्यायदर्शनाला हा बदल मुळीच परका वाटला नसता. दुसऱ्याचं दुःख प्रत्यक्ष दिसत नाही. अनुमानाला सूज, ताप अशी खूण लागते, इथे तीही नाही. उरतं शब्दप्रमाण, म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त कोण? जे स्वतः जाणलं ते तसंच सांगू पाहणारा. आणि वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात म्हटलंय की हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेंच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे. शिक्षण, जात, दर्जा यांचा इथे संबंधच नाही. स्वतःच्या दुखण्याबाबत त्या बाईहून मोठा आप्त कोण असणार?

माणूस खोटंही बोलतो, हे खरं. पण ठणकत्या अंगाने हंडा वाहणारीला सोंगातून काय मिळतं?

‘भोग’ म्हणणाऱ्यांनी चरकसंहिता पाहावी. तिथे दैवाबरोबर पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्नही मानलाय; सगळंच आधी ठरलेलं असतं तर उपचारांना अर्थच उरला नसता.

उपचार आहेतही. आधी थायरॉइड, रक्तक्षय यांसारखी कारणं तपासावी लागतात. 2017 च्या युरोपीय शिफारशींत सर्वांत ठाम शिफारस व्यायामाची आहे. राबणाऱ्या बाईला हे क्रूर वाटेल. पण ओझं वाहणं वेगळं आणि झेपेल तेवढं चालून ते हळूहळू वाढवणं वेगळं. घरच्यांनी तिचं काही काम उचललं तरच ते जमतं. झोप सुधारायला डॉक्टर कमी मात्रेत अमिट्रिप्टिलीन देतात. स्टेरॉइडचा या आजारात उपयोग नाही, तेव्हा ‘अंगदुखीची सुई’ घेण्याआधी तिच्यात काय आहे ते विचारा. आणि कागद स्वच्छ आले म्हणून कुठल्याही डॉक्टरने, सासूने, नवऱ्याने ‘तुला काही झालेलं नाही’ असं तिला म्हणू नये.