वाट्याला आलेला देवमासा

माझ्या मावसभावाला कुठल्याही गोष्टीत एक तर ‘स्कोप’ दिसतो किंवा दिसत नाही. आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासल्याचा परिणाम असावा. परवा टीव्हीवर इंडोनेशियातल्या लामालेरा गावावरचा माहितीपट चालू होता. लांबलचक बांबूला भाल्याचं पातं बसवलेलं, आणि ते घेऊन एक माणूस होडीच्या नाळेवरून थेट देवमाशाच्या पाठीवर उडी घेतो. दादा म्हणाला, “थरार ठीक आहे गं, पण इथल्या पोरांना स्कोप काय?” मी लगेच गावाची बाजू घेतली. पण हुज्जत घालताना जे सुचलं, त्यानं माझंच समाधान झालं नाही.

इंडोनेशिया हजारो बेटांचा देश, किनाऱ्यावरची गावं गरीब, पर्यटकांचा पैसा बालीपुढे फारसा सरकत नाही, हे आपण सगळेच ऐकून आहोत. लामालेरा बालीच्या बरंच पूर्वेला, लेम्बाता बेटाच्या दक्षिण टोकाला, लाबालेकांग ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे. वस्ती जेमतेम दोन हजार. जमीन खडकाळ, मका नीट येत नाही. गाव कॅथलिक आहे. दर वर्षी 1 मे रोजी वाळूत प्रार्थना होते आणि ‘लेफा’ म्हणजे शिकारीचा हंगाम सुरू होतो. आदल्या संध्याकाळी, समुद्रात जीव गेलेल्यांसाठी मेणबत्त्या लावतात. फवारा दिसला की ‘बालेओ!’ अशी आरोळी घरोघर पोचते. होडीला तेना म्हणतात. तिला लोखंडी खिळा चालत नाही, फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या असतात. भाला मारणारा तो लामाफा.

उडीपेक्षा मला त्यानंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं. देवमासा किनाऱ्याला लागला की तो ठरलेल्या रेषांवर कापला जातो. कुठला भाग कुणाचा, हे आधीपासून ठरलेलं. लामाफाचा वाटा, वल्हेकऱ्यांचा, होडी बांधणाऱ्याचा, भाल्याचं पातं घडवणाऱ्या लोहाराचा, आणि होडी ज्या कुळाची त्या कुळाचा. गावाच्या जमिनीचे मूळ धनी मानलेल्या घराण्यांनाही वाटा असतो. मग घरोघर पुन्हा वाटणी होते, नात्यागोत्यात, विधवांच्या घरी. उरलेलं वाळवून बायका डोक्यावर घेतात आणि डोंगरातल्या गावांत जाऊन मका, केळी, कंद आणतात. जवळच्या वुलांडोनीचा शनिवारचा बाजार अजून अशाच अदलाबदलीवर चालतो. मोजायचं एकक सहाचं, आणि शिट्टी वाजल्याशिवाय देवघेव सुरू होत नाही.

मिळकत वेगळी आणि वाटा वेगळा, हे माझं आवडतं पालुपद आहे. घरातले त्याला कंटाळलेत. मिळकत तुम्ही काय केलंत यावर ठरते, वाटा तुम्ही कोण आहात यावर. मिळकत थांबली की माणूस एकटा पडतो. वाटा असलेला माणूस आजारी पडला तरी गावाच्या हिशोबात राहतो. दादाच्या कर्जाच्या अर्जात मिळकतीचा रकाना असे, वाट्याचा नसे.

इथे थोडं विषयांतर. 1755 साली तत्त्वज्ञ रूसोचा माणसांमधल्या विषमतेवरचा जो निबंध प्रसिद्ध झाला त्यात एक लहानशी गोष्ट आहे. काही जण मिळून हरणाला घेरतात. प्रत्येकानं आपली जागा धरून बसायचं. तेवढ्यात एकाच्या समोरून ससा जातो. तो सशामागे धावतो, ससा मिळतो, पण हरीण निसटतं आणि बाकीचे उपाशी राहतात. मायकेल अल्वार्ड आणि डेव्हिड नोलिन या दोन मानववंशशास्त्रज्ञांनी लामालेरात बसून होड्यांच्या फेऱ्या आणि मांसाचे वाटे मोजले आणि 2002 साली लेख छापला. त्याच्या शीर्षकातच रूसो आहे. त्यांना आढळलं ते असं: एकट्यानं जाळं टाकून जेवढं मिळतं त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून केलेल्या शिकारीत माणशी सरासरी जास्त मिळतं. म्हणजे गावकरी त्याग वगैरे करत नाहीत. त्यांची अडचण एवढीच की बाकीचे येतीलच याची खात्री हवी. होडीला डझनभर माणसं लागतात. चौघंच आले तर ती निघतच नाही.

दादाचा स्कोप म्हणजे रूसोचा ससा, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. हाती पुरावाही होता. 1970 च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं लामालेराचं भलं करायला एक नॉर्वेजियन व्हेलशिकारी आधुनिक साधनांसह पाठवला होता. मांस एवढं आलं की गावाला ते वापरता येईना. प्रकल्प गुंडाळला गेला आणि गाव तेनाकडे परतलं. शेजारच्या सोलोर बेटावरचं लामाकेरा घ्या. तिथले लोकही असेच धाडसी, पण मांटा पाकटांचे कल्ले चिनी औषधांच्या बाजारात खपू लागले तेव्हा शिकारीचा धंदा झाला. 2014 साली सरकारनं देशभर मांटाला संरक्षण दिलं आणि तो धंदा बेकायदा ठरला. वाटा सोडून मिळकतीमागे गेलं की काय होतं ते बघ, असं मी दादाला ऐकवणार होते.

पण दादा अर्ज वाचायला शिकलेला माणूस आहे. त्यानं एवढंच विचारलं, “तिथून शिकून कोणी बाहेर पडलंय का?” पडलंय. इंडोनेशियन भाषेच्या लेखनरचनेवर ज्यांची पुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी घोकली ते गोरिस केराफ लामालेराचे. त्यांचा प्रबंधच लामालेराच्या बोलीवर आहे. 1999 ते 2001 या काळात देशाचे पर्यावरणमंत्री असलेले सोनी केराफही तिथलेच. देवमाशांची शिकार करणाऱ्या गावानं देशाला पर्यावरणमंत्री दिला, यावर हसावं की नाही ते वाचकांनी ठरवावं. मिशनऱ्यांच्या शाळेमुळे हे गाव कित्येक दशकं माणसं बाहेर पाठवत आलं आहे. मग ही माणसं सशामागे धावली का?

रूसोच्या गोष्टीत ससा हरणापेक्षा लहान आहे, आणि सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. लामालेराच्या आजच्या मुलाला लेवोलेबा किंवा कुपांगसारख्या शहरात सरकारी नोकरी मिळाली, तर तो ससा देवमाशाहून मोठा आहे. तो धावला तर त्याचं काही चुकत नाही, आणि त्याला थांबवायचा हक्क कुणालाच नाही, घरी बसून माहितीपट पाहणाऱ्या मला तर नाहीच. दोरीत पाय अडकून माणसं खोल ओढली गेली आहेत. वाळवलेलं मांस डोक्यावर घेऊन डोंगर चढणाऱ्या बाईला वाट्याचं तत्त्वज्ञान मी ऐकवावं, हे जरा जास्तच झालं. मुलांचं भवितव्य जितकं उजळेल तितके होडीला हात कमी पडतील. एकाचा फायदा दुसऱ्याच्या मुळावर येतो आणि यात दोषी कुणीही नाही.

म्हणजे शिकार टिकलीच पाहिजे, हे माझं म्हणणं उरत नाही. पण वाट्यासाठी देवमासाच कशाला हवा? आपल्याकडची रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं जाळं, बांगड्या-तारल्यांवरच चालायची आणि ओढायला हात लावणाऱ्याला मासळी मिळायची. तिला मासळीच्या दुष्काळानं नव्हे, 1970 च्या दशकात गोव्याच्या समुद्रात उतरलेल्या ट्रॉलरांनी जेरीस आणलं. रापणकारांनी त्यावर आंदोलनही केलं. लामालेरातही आता होड्यांना इंजिन आहे, तरंगती जाळी आहेत. इंजिनाचा मला राग नाही. वल्ही मारणाऱ्यांच्या खांद्यांना ते विचारा. प्रश्न एवढाच की इंजिन आणि जाळं कुणाच्या पैशाचं. ते एकट्याचं असेल तर मासळीवर आधी त्याचा हक्क येतो, आणि लोहाराचा, विधवेचा वाटा कुणी न ठरवता गळून जातो.

बाहेरचे लोक मात्र शिकार चालू की बंद एवढ्यावरच भांडतात. 2009 साली गावासमोरच्या सावू समुद्राचं सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं तेव्हा लामालेराच्या लोकांनी विरोध केला आणि त्यांचं पाणी त्यातून वगळण्यात आलं. माझ्या मते ते योग्य झालं. शिकार कधी थांबवायची ते गावालाच ठरवू द्यावं. होडीला डझनभर माणसं मिळेनाशी झाली की ती आपोआप थांबेल, आणि तो दिवस फार लांब नसावा. सरकारला आणि संस्थांना मदत करायचीच असेल तर देवमासे मोजत बसू नये. इंजिनासाठी, जाळ्यासाठी जो पैसा द्यायचा तो एकट्या मालकाच्या नावावर न देता होडी ज्या कुळाची त्या कुळाच्या नावावर द्यावा, आणि वुलांडोनीच्या बाजाराला हात लावू नये.